'फंजिबल'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न:
चित्रकार मित्रमैत्रिणींना एनएफटीची (नॉन-फंजिबल टोकनची, म्हणजे चित्रासारख्या डिजिटल वस्तूची मालकी दाखवणाऱ्या ब्लॉकचेनवरच्या नोंदीची) तोंडओळख करून देणारं एक छोटं ॲप बनवतेय. सगळा सराव सेपोलिया या इथेरियम ब्लॉकचेनच्या चाचणी नेटवर्कवर, म्हणजे नाणी लुटुपुटूची, चुकलं तरी खिसा शाबूत. पडद्यावरचा मजकूर मराठीत हवाय आणि तिथेच घोडं अडलंय. 'नॉन-फंजिबल टोकन'साठी हिंदीत 'अपूरणीय टोकन' दिसतं. ते वाचलं की मला शोकसभाच आठवते. 'अविनिमेय' म्हटलं तर वाटतं विकताच येत नाही, आणि इथे तर विक्रीसाठीच सगळा खटाटोप! मिंट (नवं टोकन तयार करणं), वॉलेट, गॅस फी (व्यवहार नोंदवायचं शुल्क), सीड फ्रेज (वॉलेट परत मिळवून देणारे गुप्त शब्द) यांचंही काय करू?

– फंजिबलचा फंगसशी, म्हणजे बुरशीशी, काही संबंध नाही, हे आधी सांगून टाकतो. लॅटिन 'फुंगी' म्हणजे काम पार पाडणे. 'फंक्शन' त्याच घरातला. एकाच्या जागी दुसरी ठेवली तरी तेच काम होतं, ती वस्तू फंजिबल. रोमन कायद्यात वस्तू वापरायला देण्याचे दोन वेगळे प्रकार होते. धान्य, तेल, पैसे अशा मोजून-मापून द्यायच्या वस्तू तेवढ्याच आणि तशाच परत केल्या की झालं, त्याला म्युटुअम म्हणत. दिलेली तीच वस्तू परत करायची असेल तर कमोडाटम. मराठी माणसाला हे शिकवायला नको. शेजारून वाटीभर साखर आपण *उसनी* आणतो, पुरणयंत्र मात्र *मागून* आणतो. साखर दुसऱ्या पुड्यातली दिली तरी चालते. पुरणयंत्राच्या जागी दुसरं पुरणयंत्र नेऊन दिलं तर भांडण. माझ्या मते पहिल्या पडद्यावर एवढंच लिहा: 'उसनं देता येतं ते फंजिबल, मागून आणावं लागतं ते नॉन-फंजिबल.' नवा शब्द पाडायची गरजच नाही.

– मुंबईकरांना 'फंजिबल' पाठ आहे हो! पुनर्विकासाच्या सभेत आमचे सत्तरीतले काकासुद्धा 'फंजिबल किती मिळणार?' विचारतात. २०१२ साली विकास नियंत्रण नियमावलीत बदल झाला. बाल्कनी, फुलझाडांचे कट्टे असलं जे आधी एफएसआयच्या (भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्या प्रमाणाच्या) मोजणीबाहेर असायचं ते मोजणीत आलं. त्याच्या बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के आणि व्यापारी इमारतींना २० टक्के फंजिबल एफएसआय मिळाला. हे क्षेत्र खोलीत घाला नाहीतर बाल्कनीत, म्हणून ते फंजिबल. पण लोकांच्या डोक्यात अर्थ बसला तो 'वाढीव जागा'. त्यामुळे तुमचं 'नॉन-फंजिबल' वाचून काका म्हणतील, म्हणजे वाढीव काही नाही का? आणि फ्लॅट बघायला गेल्यावर 'टोकन द्या' म्हणतात तो इसार असतो, हेही ध्यानात असू द्या.

– टोकन म्हणजे नोंद, असं सरळ सांगा. सातबारा म्हणजे जमीन नव्हे, तसं टोकन म्हणजे चित्र नव्हे. मार्च २०२१मध्ये क्रिस्टीज या लिलाव कंपनीच्या लिलावात बीपल या डिजिटल चित्रकाराचं काम ६.९३ कोटी डॉलरला गेलं. ते चित्र आजही कुणीही फुकट पाहू शकतं, नोंद मात्र घेणाऱ्याच्या नावावर. कॉपीराइटही आपोआप मिळत नाही. विक्रीला 'फेरफार' म्हणालात तर गावाकडच्या वाचकाला एका दमात कळेल.

– मिंटसाठी 'पाडणे'. टाकसाळीत नाणी पाडतात. शिवराई पाडली, होन पाडले. इतकं अस्सल क्रियापद हाताशी असताना 'मिंट करा' कशाला?

– पण ऑनलाइन मराठीत 'जिलब्या पाडणे' म्हणजे भाराभर सुमार मजकूर प्रसवणे, ते तुम्हाला माहीत आहेच.

– मग बरोबरच आहे की. २०१७ साली क्रिप्टोपंक्स या एनएफटी-संग्रहाचे दहा हजार चेहरे प्रोग्रामने पाडले, त्यांना जिलब्या म्हटलं तर काय चुकलं? :)

– गॅस म्हटलं की सिलिंडर डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे दळणावळ आहे, घडणावळ आहे. त्याच चालीवर 'नोंदणावळ' म्हणा. फक्त एक फरक ठळक लिहा: व्यवहार मध्येच फसला तरी नोंदणावळ जाते. सोनार असं करत नाही. आणि वॉलेटला 'पाकीट' नको. त्यात टोकन नसतंच, असतात त्या किल्ल्या. 'जुडगा' म्हणा.

प्रश्नकर्ती:
जुडगा घेतला! पाडणे आणि नोंदणावळही घेतले, जिलब्यांचा धोका पत्करून. पहिल्या पडद्यावर साखर आणि पुरणयंत्राचं चित्र येईल. 'फंजिबल' हा शब्द तिसऱ्या पडद्यावर ढकललाय. सीड फ्रेजला 'कानमंत्र' कसं वाटतं?

– गोड आहे, पण घातक. कानमंत्र कुणीतरी कुणाला तरी देतो. हे शब्द कुणालाच द्यायचे नसतात. उद्या कुणी गुरू बनून फोनवर मागितले तर?

– 'बीजशब्द' चालेल. मात्र ते १२ किंवा २४ शब्द मराठीत करू नका. २,०४८ शब्दांची ठरलेली यादी असते. जपानी, कोरियन, फ्रेंच, अगदी चेक याद्याही आहेत, मराठी नाही. मथळा मराठीत आणि खालचे शब्द रोमन लिपीत, जसेच्या तसे, क्रमानेच लिहून घ्यायला सांगा.

प्रश्नकर्ती:
'बीजशब्द' ठरला. खाली लाल अक्षरात: 'उसने देऊ नका, मागितले तरी देऊ नका.'