‘डार्क’ अल्बमला मराठीत काय म्हणायचं?

राजारामपुरीकर : आमच्या पोरांच्या हेवी मेटल बँडचा नवा अल्बम येतोय. कोल्हापूरच्या 2019 च्या महापुराची सलग गोष्ट आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी गाण्यागणिक चढते, 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, मग मोजायचं कोण! ओळख मराठीत लिहायची आहे. ‘डार्क कन्सेप्ट अल्बम’चं ‘गडद संकल्पना अल्बम’ केलं तर पोरं फिदीफिदी हसली.

मंगळवार पेठ : हसणारच की. गडद निळा, गडद शाई इथवर ठीक. ‘काळोखी’ लिहा.

शाहूपुरी : काळोखी रात्र असते हो, गाणं कसं असेल? आधी सांगा, डार्क काय आहे, आवाज का गोष्ट? आवाजाला ‘भेसूर’. रात्री कुत्रं भेसूर रडतं, पोटात गोळा येतो. ‘भयाण’ म्हटलं की माणसाचा मागमूस नाही असं वाटतं. भयाण वाडा, भयाण शांतता. ‘अघोरी’च्या वाटेला जाऊ नका, त्यात कुणीतरी मुद्दाम क्रूरपणा केलेला असतो. पुरानं कुठं मुद्दाम केलं?

राजारामपुरीकर : शेवटचं गाणं पाणी उतरल्यावरचं आहे. नुसती गिटार. गल्लीत चिखल, भिंतीवर पाण्याची रेघ, दारं सताड उघडी.

शाहूपुरी : मग ते एकटं भयाण. बाकीची भेसूर.

मंगळवार पेठ : भेसूर म्हटल्यावर लोक बेसूर वाचतील, भावा.

देवल क्लबचा श्रोता : वाचू देत. मेटलवाले सुराला पक्के असतात. ब्लॅक सॅबथ बँडच्या 1970 च्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं ऐका : सा, वरचा सा, मग मधला तीव्र मध्यम. अंगावर काटा येतो. तोच तीव्र मध्यम यमनात किती गोड लागतो! त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, यंत्रात दोन बोटांची टोकं गेली. उद्यमनगरातल्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बोटांना ताण सोसेना, म्हणून पुढं तारा सैल केल्या आणि आवाज खर्जात उतरला. तुमच्या ओळखीत ‘खर्ज’ हा शब्द आलाच पाहिजे.

राजारामपुरीकर : घेतला. आणि ‘कन्सेप्ट अल्बम’?

शाहूपुरी : ‘आख्यान’. कीर्तनात उत्तररंगाला, म्हणजे दुसऱ्या भागात, लावतात तसं, एकच कथा शेवटपर्यंत.

देवल क्लबचा श्रोता : आख्यानात कथा श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. मॅस्टोडॉन बँडचा 2004 चा ‘लेव्हायथन’ ‘मोबी डिक’ कादंबरीवर बेतलेला, त्याला आख्यान शोभतं. क्वीन्सराइक बँडच्या 1988 च्या अल्बममध्ये गोष्टच नवी रचलेली, तिथं नाही शोभणार. तुमचा पूर मात्र अख्ख्या कोल्हापूरला पाठ आहे, बिनधास्त लिहा.

मंगळवार पेठ : पोरं काळ्या टी-शर्टात, आणि वर आख्यान! तिकीट काढून म्हाताऱ्याच यायच्या.

राजारामपुरीकर : येऊ देत, पुढच्या रांगेत खुर्च्या टाकतो. ‘महापुराचं भेसूर आख्यान, खर्जातल्या गिटारीवर’ असं लिहिलंय. ड्रमवाला म्हणतोय, खाली ‘नाद खुळा’ पण टाक. ते काय टाकत नाही.