रामेन म्हणजे नुसती मॅगी नव्हे

रामेन म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचा जपानी पदार्थ. एका ताईंनी त्याला महागडी मॅगी म्हटलंय. ताई, झटपट नूडल्स मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली आणल्या. रामेन त्याआधीचा, आणि त्याचा जीव रश्श्यात आहे. जपानमधल्या हाकाताच्या तोन्कोत्सू नावाच्या रामेनमध्ये डुकराची हाडं तासन्‌तास खळखळ उकळतात, म्हणून रस्सा दुधासारखा पांढरट होतो. पुण्यात पहिला वाडगा खाल्ला, तेव्हा त्या नूडल्सचा चिवटपणा फार आवडला. तो कान्सुईचा, म्हणजे क्षाराच्या पाण्याचा. आपण पापडात खार घालतो ना, तसंच! पिवळसर रंगही त्यानेच येतो.

परवा गावी, उमरेडकडे, गावरान कोंबडीची हाडं चार तास उकळली. आई म्हणाली, "सरगुंडे टाक ना रे यात." टाकले. सरगुंडे म्हणजे कणकेच्या पोकळ नळ्या, एरवी आमरसासोबत खातो आम्ही. पोकळ सरगुंड्यात रस्सा शिरतो, चावला की तोंडभर सुटतो. आमरसाइतकाच भारी लागला.