झेड-४ च्या छताची मोटर बंद पडली आहे. ४०० पौंडांच्या आत दुरुस्ती होईल का?

लीड्सकर (धागाकर्ता)
नमस्कार. मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. माझ्याकडे २००५ सालची कापडी छताची बीएमडब्ल्यू झेड-४ आहे. परवापर्यंत बटण दाबले की छत आपोआप दुमडून मागे जात असे. आता काचा खाली उतरतात, आसनांच्या मागून रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) ‘टक्’ असा आवाज येतो, पण मोटरची घरघर अजिबात ऐकू येत नाही. एका गॅरेजने गाडी नीट न तपासताच मोटर व पंपाचा नवा संच बसवण्याचे १,७५० पौंड सांगितले. एवढ्या जुन्या गाडीवर इतका खर्च करणे मला पटत नाही. माझी मर्यादा ४०० पौंडांची आहे. छत सध्या बंद स्थितीत आहे, त्यामुळे गाडी वापरता येते. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे किंवा करून घेतले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

इसारकाठी
मी म्युनिकला असतो. माझ्या गाडीला मी सरळ नवा संच बसवून घेतला आणि तेव्हापासून छत विनातक्रार चालते आहे. पैसे जास्त गेले, पण हमी मिळाली. छतासारख्या गोष्टीत काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थोडे थांबा, पैसे साठवा आणि नवाच संच घ्या.

कार्बन_ब्रश
पुण्यात नाना पेठेजवळ आमचे मोटर वायंडिंगचे दुकान आहे, त्यामुळे या विषयावर अधिकाराने लिहितो. ही १२ व्होल्टची साधी डी.सी. मोटर असते. आत आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरणारा भाग), कम्युटेटर (त्याच्या टोकाची तांब्याची कडी), दोन बेअरिंगे किंवा बुश आणि कार्बन (कम्युटेटरला टेकून वीज पोहोचवणारे तुकडे), एवढाच संसार. अशा मोटरमध्ये पाणी शिरले की कार्बन आपल्या खाचेत गंजून अडकतात, कम्युटेटरला टेकत नाहीत आणि मोटर निपचित पडते. आर्मेचर जळले नसेल, तर कम्युटेटर घासून, कार्बन बदलून ती पुन्हा चालू होते.
मात्र आधी निदान करा. फ्यूज पाहा, बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि मग दुसऱ्या माणसाला बटण दाबायला सांगून मोटरच्या प्लगवर मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचे यंत्र) लावा. तिथे १२ व्होल्टच्या आसपास दाब मिळत असूनही मोटर फिरत नसेल, तर दोष मोटरचा आहे. दाबच मिळत नसेल, तर रिले, वायरिंग किंवा छताच्या स्थितीची खूण देणारा एखादा स्विच तपासावा लागेल आणि तुम्ही घेतलेली नवी मोटरही तशीच निपचित बसेल. मोटर पंप फिरवते आणि पंपाच्या तेलाच्या दाबाने छत हलते; म्हणून मोटर फिरते पण छत हलत नाही, असे असेल तर तेल कमी आहे किंवा कुठेतरी गळते आहे.

डोंबिवली_ते_डर्बी
बॅटरी तपासा. माझ्या गाडीच्या छताचा सगळा त्रास बॅटरी बदलल्यावर नाहीसा झाला.

कार्बन_ब्रश
बॅटरीचे मी वर लिहिलेच आहे. शिवाय त्यांचा रिले वाजतो आहे आणि काचा उतरत आहेत, हेही लक्षात घ्या.

पन्हाळ
माझ्याकडे हीच गाडी आहे, म्हणून मोटरपेक्षा महत्त्वाची गोष्ट सांगते. या पिढीच्या गाडीत पंप व मोटर आसनांमागच्या खोलगट भागात तळाशी बसवलेली असते आणि छतावरचे पाणी वाहून नेणारी नळी तिथूनच जाते. झाडाखाली गाडी उभी राहिली की पानांचा चुरा व माती त्या नळीत बसते, पाणी तुंबते आणि मोटर त्यात बुडते. आम्ही ती वर काढली, तेव्हा तिच्याभोवतीचा फोम पाण्याने जड झाला होता, दाबताच तपकिरी पाणी गळू लागले आणि तळाशी कुजलेल्या पानांचा लगदा होता. पाण्याची वाट मोकळी न करता नवी मोटर बसवली, तर पुढच्या पावसाळी हंगामात तीही जाईल, मग ती १,७५० पौंडांची का असेना.
माझा आग्रह असा की मोटर दुरुस्त झाल्यावर ती डिकीत हलवावी. त्यासाठी वायर लांबवावी लागते आणि नळ्या वळवून घ्याव्या लागतात, पण पुन्हा पाण्याशी संबंध येत नाही.

हातानेच_बरे
मी मुद्दाम माझदा एमएक्स-५ घेतली, कारण तिचे कापडी छत हाताने उघडते. एका हाताने खटका सोडवायचा आणि छत मागे टाकायचे. मोटर नाही, पंप नाही, तेल नाही. झेड-४ विकून टाका आणि ही घ्या.

लीड्सकर
सुचवल्याबद्दल आभार, पण गाडी विकायची नाही. मोडतोडीतल्या गाडीची जुनी मोटर १५० पौंडांना मिळते आहे. ती घ्यावी का?

पन्हाळ
ती मोटरही आयुष्यभर त्याच खोलगट जागेत बसलेली असणार. विक्रेता ती चालवून दाखवत नसेल, तर घेऊ नका.

इसारकाठी
म्हणूनच नवी घ्या, असे मी सुरुवातीलाच सांगितले होते.

थेम्सतीर
गॅरेजकडून काम करून घेणार असाल, तर निदानाचे शुल्क वेगळे आणि दुरुस्तीचा अंदाज लेखी मागा. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार काम वाजवी काळजीने व कौशल्याने होणे बंधनकारक आहे आणि दर आधी ठरलेला नसेल, तर ग्राहकाने वाजवी रक्कमच देणे लागते. लेखी अंदाज मागताच माझ्या बिलातले दोन अनावश्यक भाग गळून पडले. नळी साफ करायला जाड तार घाला, लगेच मोकळी होते.

पन्हाळ
तार मुळीच घालू नका. रबरी नळी आतल्या आत निसटली किंवा फाटली, तर पाणी गाडीच्या आतच मुरते. गवत कापायच्या यंत्रातला नायलॉनचा मऊ दोर हळूहळू घाला आणि वरून थोडे थोडे पाणी सोडून ते खाली जमिनीवर पडते का, ते पाहा.

कार्बन_ब्रश
दोन गोष्टी राहिल्या. पंपाच्या टाकीत तेल घालताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घाला. घरात आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतू नका, त्याने सील फुगून निकामी होतात. आणि छत अर्धवट उघडे ठेवून काम करताना त्याला लाकडाचा भक्कम टेकू द्या, कारण सांगाड्याच्या सांध्यात बोट सापडले तर गंभीर इजा होते. मोटर इकडे पाठवलीत तर आनंदाने करून देईन.

लीड्सकर
सर्वांचे मनापासून आभार. मल्टीमीटरने तपासले, प्लगवर १२.२ व्होल्ट मिळतात, म्हणजे दोष मोटरचाच आहे. मोटर काढली तेव्हा पन्हाळ यांनी वर्णन केलेला लगदा हुबेहूब निघाला. इथल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने ती माझ्यासमोर उघडली. आर्मेचर चांगले आहे, दोन्ही कार्बन गंजून अडकले होते. कार्बन, बेअरिंगे, नवे सील आणि मोटर बसवून छत चालवून दाखवणे, या सर्वांचा त्यांनी २६० पौंडांचा लेखी अंदाज दिला आहे, त्यामुळे ती पुण्याला पाठवत नाही.
मात्र मोटर डिकीतही हलवणार नाही. डिकी आधीच लहान आहे, वायरला जोड देणे मला नको आहे आणि मूळ जागी बसवलेली मोटर पुढच्या ग्राहकाला समजावून सांगावी लागत नाही. पाण्याची वाट मोकळी केली आहे; दर शरद ऋतूत पानगळ संपली की ती पुन्हा तपासेन.

पन्हाळ
निर्णय तुमचा आहे, तरी मला तो पटलेला नाही. निदान पानगळ संपण्याची वाट पाहू नका. ती चालू असतानाच नळी एकदा पाहा, कारण पाणी तेव्हाच तुंबते.