केप्लरची पत्रिका आणि मंगळाच्या आठ कला: विचारांच्या इतिहासातून अविवेक वगळता येतो का?

पर्वतीपायथा:
एरंडवण्यात एका मित्राच्या गच्चीवर आम्ही काहीजण दर रविवारी सकाळी विज्ञानाच्या इतिहासाचे वाचन करतो. परवा योहान्स केप्लरची पाळी होती आणि वाद असा रंगला की पोहे पार निवून गेले. मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे १६०९ मध्ये सप्रमाण मांडणारा हा गणिती त्याच्या आदल्याच वर्षी वॉलेनस्टाइन या सरदाराची पत्रिका मांडत होता. न्यूटनचेही तेच. त्याच्या किमयेवरच्या टिपणांची बाडे १९३६ मध्ये लिलावात निघाली आणि त्यातली बरीच विकत घेणाऱ्या केन्स या अर्थशास्त्रज्ञाने पुढे न्यूटनला ‘शेवटचा मांत्रिक’ म्हटले.

एका मित्राच्या मते हा त्या काळाचा गाळ आहे. तो खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी घ्यावे. दुसरा म्हणतो, तुम्ही गाळ म्हणता तोच झरा आहे. माझा पेच असा की अविवेकाला विचाराचा झरा मानले, तर उद्या कोणीही भोंदू ‘न्यूटनसुद्धा मानत होता’ म्हणत पुढे येईल. त्याला उत्तर काय द्यायचे?

तळटीप:
पेच वाटतो तेवढा मोठा नाही. कल्पना कोठून सुचली हा एक प्रश्न आणि ती टिकते का हा दुसरा. विज्ञानाचे तत्त्वज्ञ हान्स रायखेनबाख यांनी १९३८ मध्ये ही फारकत स्पष्ट शब्दांत केली. तत्त्वज्ञ आणि गणिती देकार्तने १० नोव्हेंबर १६१९ च्या रात्री पडलेल्या तीन स्वप्नांत आपल्या जीवितकार्याचा संकेत पाहिला, परंतु त्याची भूमिती कोणी त्या स्वप्नांच्या भरवशावर स्वीकारलेली नाही. सुचण्याला सोवळे नसते, तपासण्याला असते.

जुनाबाजार:
ही फारकत ऐकायला नीटनेटकी आहे, पण नेमकी केप्लरच्या बाबतीत ती डळमळते. ग्रह (तेव्हा माहीत असलेले) सहाच का, तर सम घनाकृती, म्हणजे घनासारख्या सगळ्या बाजू एकसारख्या असलेल्या आकृती, पाचच आहेत आणि देवाने त्या सहा कक्षांमधल्या पाच जागांत बसवल्या आहेत, असे त्याने १५९६ मध्ये मांडले. कल्पना साफ चुकीची होती, पण तिच्यासाठी अचूक मापे हवीत म्हणूनच तो १६०० मध्ये प्रागजवळ टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाकडे गेला आणि मंगळाचे काम त्याच्या वाट्याला आले. वर्तुळावर आधारलेली त्याची मांडणी टायकोच्या नोंदींपासून फार तर आठ कलांनी ढळत होती (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). आठ कला म्हणजे किती, तर पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. आणि त्या नोंदी दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या. कोणताही व्यवहारी माणूस ‘चालायचेच’ म्हणून पुढे गेला असता. केप्लरने मात्र सगळी मेहनत मोडीत काढली, आणि त्याचे कारण स्वतःच लिहून ठेवले: टायकोसारखा काटेकोर निरीक्षक ही देवाची देणगी आहे आणि ती कृतज्ञतेने स्वीकारली पाहिजे.

म्हणजे तळटीप ज्याला तपासणे म्हणतात, त्याच्याच मुळाशी येथे श्रद्धा बसलेली आहे. शिवाय ज्याने वर्तुळ सोडले त्याने घनाकृती सोडल्या नाहीत. १६२१ मध्ये ते तरुणपणचे पुस्तक त्याने पुन्हा छापले.

शनिवारपेठी:
आपल्याकडचा एक दाखला. तर्काला स्थिर पाया नाही, असे ब्रह्मसूत्रांत (२.१.११) म्हटले आहे, एका हुशार तार्किकाने उभारलेले मत दुसरा अधिक हुशार तार्किक पाडतो, असे शंकराचार्य त्यावरच्या भाष्यात सांगतात. पण त्याच भाष्यात प्रतिपक्षाचा आक्षेपही आहे: तर्काला पाया नाही, हेसुद्धा तुम्ही तर्कानेच ठरवता ना? आचार्यांचे पुढचे उत्तर कोणाला पटो न पटो, आक्षेप झाकून ठेवलेला नाही, याचे मला अप्रूप वाटते.

पुण्यात तर हा प्रश्न खुंटीला टांगलेला असतो, पंचांगाच्या रूपाने. राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून धरायचा की चित्रेच्या ताऱ्यासमोरच्या बिंदूपासून, या जुन्या वादामुळे टिळक पंचांगात काही वर्षी अधिक महिनाच वेगळा येतो आणि शेजारच्या घरी गणपती महिनाभर आधी बसतो. या वादात मुहूर्तावरची श्रद्धा कोणी तपासायला घेतली नव्हती. परंतु गणित आकाशाशी जुळले पाहिजे, दृक्प्रत्यय आला पाहिजे, हा हट्ट त्या श्रद्धेपोटीच धरला गेला. भोंदूशी न्यूटनवरून हुज्जत घालू नका. तुमच्या आठ कला कोणत्या, म्हणजे काय दिसले तर तुम्ही हे सोडाल, एवढेच त्याला विचारा.

पर्वतीपायथा:
सर्वांचे आभार. शनिवारपेठी यांचा प्रश्न मी जरूर वापरीन. पण तोच प्रश्न घनाकृतींबद्दल केप्लरला विचारला असता, तर तो नापास झाला असता. घनाकृतींची मापे कक्षांशी नीट जुळत नाहीत हे त्याला कळत होते आणि ती तफावत त्याने ग्रहांच्या संगीतावर, म्हणजे त्यांच्या गतींत त्याला दिसणाऱ्या स्वरांसारख्या प्रमाणांवर, ढकलली. त्याच संगीताच्या मागे लागून लिहिलेल्या १६१९ च्या पुस्तकात ग्रहगतीचा तिसरा नियम आहे. तो सापडण्याच्या महिनाभर आधी आपण त्याला भोंदूंच्या रांगेत बसवले असते का, यावर येत्या रविवारी पुन्हा पोहे निवणार आहेत.