प्रति: स्नेअर बदलायचा की नाही?
मिक्सिंग करताना रेकॉर्ड केलेल्या स्नेअरच्या (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमच्या) जागी सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला तयार ठोका, टाकलं की ड्रम प्लास्टिकचा वाटतो असं वर एकाने म्हटलंय, खरंय, पण बऱ्याचदा चूक शंभर टक्के बदलण्याची असते. मी मूळ स्नेअर तसाच ठेवून ट्रिगर २ या ठोके ओळखून सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं सॅम्पल त्याच्याखाली थोडंसंच मिसळतो आणि घोस्ट नोट्स (मधले अगदी हलके ठोके) मूळच्याच राहू देतो, कारण तिथे सॉफ्टवेअर हमखास गंडतं, हाय-हॅट झांजांचा ब्लीडसुद्धा (स्नेअरच्या माइकमध्ये शिरलेला आवाज) त्याला स्नेअर वाटतो. अन् फेज, म्हणजे दोन्ही आवाजांच्या लहरी जुळतात का ते, बघा राव! ओव्हरहेडमध्ये (ड्रमसेटच्या वर लावलेल्या माइकमध्ये) मूळ स्नेअर असतोच, सॅम्पल एखाद-दोन मिलिसेकंद सरकलं तरी आवाज पोकळ होतो. झूम करून दोन्हींच्या लहरींची पहिली उसळी एकाच दिशेला आहे का बघायचं, नसेल तर सॅम्पलची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटायची. परवा मी अख्खी दुपार ईक्यू (आवाजातले जाड-बारीक स्वर कमी-जास्त करायची बटणं) फिरवत बसलो, शेवटी पोलॅरिटीचं ते एक बटण दाबलं आणि स्नेअरला परत वजन आलं.