मदत हवी आहे : जुन्या दगडी भिंतीची ओल आणि तिच्यालगतची बाग

चुन्यात बांधलेल्या, सुमारे ४५ सेंमी जाडीच्या दगडी भिंतीवर पूर्वी केलेल्या सिमेंटच्या गिलाव्यामुळे ओल आतच कोंडली होती. तो गिलावा चार महिन्यांपूर्वी काढून आम्ही पन्हळी दुरुस्त केल्या आणि लगतच्या वाफ्यातील माती जोत्याखाली २० सेंमी उतरवली. नळगळती नाही, हे तपासले आहे. तरीही गुडघाभर उंचीपर्यंत पांढरे क्षार फुटतात. हे क्षार पाणी न लावता कोरड्या ब्रशने झाडतो. भिंतीपासून दीड मीटरवरचा जुना चाफा हा या बागेचा प्राण आहे, त्यामुळे त्याची मुळे तुटतील असा खोल चर खणायचा नाही. अशा स्थितीत चुन्याचा नवा गिलावा आताच करावा, की क्षार थांबेपर्यंत भिंत उघडी ठेवावी, आणि मुळांना धक्का न लावता पाण्याचा निचरा कसा करावा?