वेताळ, कूलर आणि फाटलेलं पान

मोबाइलमुळे कॉमिक्स संपले आणि तसेही ते पोरांचेच होते, हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं.

आमच्या नागपुरात मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोयच नव्हती. कूलरसमोर पालथं पडून वेताळ (कॉमिक्समधला मुखवटेवाला फँटम) वाचायचा, वाळ्याच्या वासात. गल्लीतल्या वाचनालयात एक अंक एका दिवसाच्या भाड्यानं मिळायचा. एकदा आणलेल्या अंकाचं शेवटचं पानच फाडलेलं! खलनायकाच्या जबड्यावर वेताळाच्या अंगठीतल्या कवटीचा ठसा उमटला की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मनातल्या मनात मात्र मी तो ठोसा शंभरदा मारलाय.

आणि मला वाटतं, सगळी गंमत तिथेच आहे. एका चौकटीत उगारलेली मूठ, पुढच्या चौकटीत आडवा पडलेला माणूस. मधल्या पांढऱ्या पट्टीत काही काढलेलंच नसतं, ते आपण घडवतो. सिनेमा ही मुभा देत नाही. वेगही आपलाच, आवडलेल्या चित्रावर दहा मिनिटं रेंगाळा, कोण हटकणार?

वेताळ छापणारं इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झालं, १९९० मध्ये बंद पडलं. पण आमच्या सीताबर्डीच्या बाजारात जुन्या पुस्तकांचा ढीग दिसला की पन्नाशीतली माणसं अजून उकिडवी बसून शोधून राहिली असतात (त्यात मीही आलो). पोरांचंच म्हणाल, तर 'माउस' या नाझी छळाच्या चित्रकथेला १९९२ मध्ये विशेष पुलित्झर मिळालंय. ती दहा वर्षांच्या पोराच्या हातात देऊन बघा.

इंद्रजालच्याच बहादूर या नायकाचे मराठी अंक कोणाकडे आहेत का? अदलाबदलीला माझ्याकडे जादूगार मँड्रेकचा अंक आहे, कव्हर नसलेला.